इत्यादी

अंदाजपत्रकाच्या एकशे बाराव्या पानावर आम्ही राहतो.
प्राथमिक, माध्यमिक, तंत्रशिक्षण, क्रीडा, इत्यादी.
त्या इत्यादीत
दिंकुंगची रात्रशाळा आहे:
एक कंदील, अकरा मेंढपाळ, गोवऱ्यांचा धूर,
मोतेबांगची वही, जिची कड मेंढीनं खाल्लीय.
त्याच इत्यादीत आणखी चार संस्था,
एकमेकींना खेटून
आणि एकमेकींकडे पाठ करून.

मोतेबांगचा गावाशी जुना तंटा आहे.
दिंकुंग म्हणतो आपण, आणि लिहितो लिंकुंग. का?
मी म्हटलं, नियम आहे.
म्हणजे, तो म्हणाला,
बोललेलं सगळं लिहिलं जात नाही.

जुलैत पुसेलेत्सो आली मासेरूहून,
शेवटचे नऊ किलोमीटर घोड्यावर, बर्फातून.
चहाचा पेला दोन्ही हातांत धरून म्हणाली,
तुम्ही शिकवता छान. मागता वाईट.
ताकाला जाऊन भांडं लपवता
आणि वीस वर्षं घोंगडं भिजत पडलं म्हणून रडता.
सगळ्यांनी मिळून एक माणूस पाठवा.
चार मिनिटं बोलेल असा.

पहिला दिवस फलकावर गेला:
कुणाचं बोधचिन्ह मोठं, कुणाचं वर.
दुसऱ्या दिवशी, बोलणार कोण?
तीन अध्यक्ष उभे राहिले ते बसेचनात.
मीही त्यांतलीच एक. लपवत नाही.

सरावाला मंत्री हवा होता.
मोतेबांग झाला.
घोंगडं खांद्यावर नीट केलं, पाय पसरले,
आणि विचारलं:
मेंढ्यांना वाचता येत नाही,
मग राखणाऱ्याला कशाला?

हशा झाला. मग हशा संपला.
पहिला अध्यक्ष म्हणाला, सक्षमीकरण.
दुसरा म्हणाला, सर्वांगीण.
मी काहीतरी टक्केवारी सांगितली.
मंत्र्यानं जांभई दिली, आणि ती खरी होती.

कोपऱ्यात दिकेलेदी वह्या शिवत होती.
चहा करणारी, हजेरी मांडणारी,
कुठल्याच पत्रावर जिची सही नाही अशी दिकेलेदी.
सुई न थांबवता म्हणाली:
साहेब, परवाच्या साली तुम्ही चौदा मेंढ्या विकल्या.
पावतीवर अकरा होत्या.
खाली अंगठा तुमचा.

मोतेबांग कितीतरी वेळ
स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला.
मंत्री केव्हाच उठून गेला होता.
मी खाली बसले.
बाकीचे दोघे जेवणानंतर बसले.

मासेरूत चार मिनिटांची अडीच झाली.
समितीच्या खोलीत हीटर होता,
दिकेलेदीच्या घोंगड्यातून वाफ निघत होती.
तिनं चौदा सांगितले, अकरा सांगितले,
पाचही संस्थांची नावं एका श्वासात घेतली
आणि आकडा मागितला. आकडाच. आशीर्वाद नाही.
गृहस्थ चांगले होते. म्हणाले,
ऐकलं आम्ही.

तेव्हा मागून,
ज्याला बोलायचं नव्हतं, फक्त घोडे सांभाळायला आणला होता,
तो मोतेबांग म्हणाला:
ऐकलंत. लिहिलंत का?

पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज
इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं.

नवं अंदाजपत्रक आलं.
पान एकशे नऊ. इत्यादी जागच्या जागी.
पण त्याच्या अलीकडे दोन शब्द: प्रौढ शिक्षण.
पुढचा रकाना कोरा.
मोतेबांग कंदिलाखाली बोट ठेवून वाचत गेला,
स्वल्पविराम ओलांडले,
कोऱ्या जागेवर बोट थांबलं.
इथलं काय राहिलंय?

कुणी उत्तर दिलं नाही.
दिकेलेदी बाहेर गेलीय,
शेजाऱ्याला विचारायला,
या खेपेला पाच घोडे मिळतील का.